दावणीचे इमान

अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात एक चमत्कारिक विक्रम नोंदलेला आहे. विक्रम म्हटला की ज्याच्या नावावर तो असेल त्याने तो मिरवावा, अशी आपली समजूत असते. हा विक्रम मात्र मिरवण्याजोगा नाही. त्या खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीवर २,५२८ सामने खेळूनही, हंगामाच्या अखेरीस अजिंक्यपदासाठी ज्या लढती होतात त्यांतल्या एकाही लढतीत ज्याला उतरता आले नाही, असा खेळाडू एकच झाला. इतके राबून इतक्या रिकाम्या ओंजळीने परतलेला दुसरा कोणी नाही. त्याचे नाव अर्नी बँक्स. १९५३ ते १९७१ या अवधीत एकोणीस हंगाम तो शिकागो शहराच्या ‘कब्स’ या एकाच संघाकडून खेळला. कब म्हणजे अस्वलाचे पिल्लू. आणि त्या काळातला तो संघ पाहता हे नाव काही वावगे नव्हते. पडावे, धडपडावे आणि उठून पुन्हा पडावे, हाच त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. अशा या संघाशी बँक्स इतका एकजीव झाला की गावाने त्याला नावच दिले, ‘मिस्टर कब’.

मी पेशाने शाळामास्तर. मास्तर सेवानिवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाती शाल आणि श्रीफळ देतात आणि ‘एकनिष्ठ सेवा’ हे दोन शब्द भाषणात हमखास येतात. असले समारंभ मी पुष्कळ पाहिले आहेत आणि ते शब्द ऐकताना एक प्रश्न मनात नेहमी उभा राहिला आहे. दुसरीकडे जाण्याची वाट असताना जो राहिला तो एकनिष्ठ, हे उघडच आहे. पण ज्याला वाटच नव्हती आणि म्हणून जो राहिला, त्यालाही एकनिष्ठ म्हणावे काय? दावणीला बांधलेल्या बैलाच्या इमानाचे कौतुक दावण बांधणाऱ्याने करावे, यात कितपत अर्थ आहे? बँक्सच्या चरित्राकडे मी वळलो तो या प्रश्नाच्या ओढीने. खेळाडूंच्या निष्ठेच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. पण ज्याच्या निष्ठेचा आणि ज्याच्या दाव्याचा इतिहास असा शेजारी शेजारी ठेवून वाचता येतो, असा माणूस विरळा.

आपल्याकडील वाचकाला क्रिकेट पाठ, बेसबॉल परका. म्हणून त्या खेळाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. मैदानाच्या एका टोकाला शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट असते. तिच्या चार कोपऱ्यांपैकी एक ते ‘घर’. तेथे फलंदाज उभा राहतो. उरलेले तीन कोपरे म्हणजे तीन ठाणी. पहिले, दुसरे व तिसरे बेस. चेंडू टोलवून फलंदाजाने पहिल्या बेसकडे धाव घ्यायची आणि तिन्ही ठाण्यांना शिवून घरी परतला की एक धाव. टोलवलेला चेंडू कुंपणापार गेला तर तो होम रन. मग फलंदाजाने सावकाश चौकट फिरून यावे. चौकटीच्या आसपास उभे राहणारे ते आतल्या फळीचे क्षेत्ररक्षक. त्यांतही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सर्वांत बिकट. ती सांभाळणारा तो शॉर्टस्टॉप. त्याच्याकडे चेंडू जमिनीवरून सरपटत, उसळत, वेडावाकडा येतो. तो उचलून, वळून, फलंदाज पहिल्या बेसला पोचण्याच्या आत तेथे फेकायचा. या जागेवर चपळ, हलक्या अंगाचा माणूस लागतो. आणि असा माणूस फलंदाजीत बेताचा असला तरी चालायचे. बँक्स शॉर्टस्टॉप होता, आणि ही समजूत त्याने पार मोडून टाकली.

तो जन्मला ३१ जानेवारी १९३१ रोजी, टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात. घरात बारा भावंडे. वडिलांनी कापूस वेचावा, किराणा मालाच्या गोदामात हमाली करावी आणि सवड काढून काळ्या लोकांच्या संघांतून बेसबॉल खेळावा. पोराला मात्र या खेळाची गोडी नव्हती. वडिलांनी तीन डॉलरच्या आतबाहेर किमतीचा एक हातमोजा आणला आणि चिल्लर नाण्यांची लाच देऊन त्याला चेंडू झेलायला लावले, असे सांगतात. डॅलसमध्ये गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. ज्या शाळेतून तो १९५० साली बाहेर पडला तेथे बेसबॉलचा संघसुद्धा नव्हता.

अमेरिकेतील वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये १९४७ पर्यंत काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. त्या वर्षी ब्रुकलिनच्या संघाकडून जॅकी रॉबिन्सन उतरला आणि दार किलकिले झाले. तोवर काळ्या खेळाडूंनी आपल्या निराळ्या लीग उभ्या केल्या होत्या. त्यांतला एक नामांकित संघ म्हणजे कॅन्सस सिटी मोनार्क्स; रॉबिन्सन याच संघातून पुढे गेला. १९५० साली एकोणीस वर्षांचा बँक्स मोनार्क्समध्ये आला. बक ओनील हा त्या संघाचा व्यवस्थापक होता. खेळावर जीव कसा टाकावा हे बँक्स त्याच्याकडून शिकला. मध्ये दोन वर्षे सैन्यात गेली. १९५३ मध्ये तो परतला तेव्हा काळ्यांच्या लीग मोडकळीस आल्या होत्या. चांगले खेळाडू वरच्या संघांना विकून त्या दिवस काढीत होत्या. सप्टेंबरात मोनार्क्सने बँक्सला शिकागोच्या कब्सना विकले. १७ सप्टेंबर १९५३ रोजी तो पहिला सामना खेळला. त्या संघाकडून मैदानात उतरलेला तो पहिला काळा खेळाडू. आणखी तीनच दिवसांनी जीन बेकर हा दुसरा काळा खेळाडू उतरला. बेकर आधीपासून कब्सच्या खालच्या संघात होता. प्रवासात त्याला खोलीचा जोडीदार हवा म्हणून बँक्सला घेतले, अशी एक वदंता आहे. खरी असो वा नसो, त्या काळाचा वास तिला येतो.

वर ‘विकले’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. व्यवहाराची भाषा तीच होती. विकला जाई तो करारनामा, माणूस करारनाम्याबरोबर जाई. ज्या समाजातल्या माणसांची खरेदी-विक्री १८६५ पर्यंत राजरोस चालत होती, त्या समाजातल्या तरुणाला हा शब्द कसा लागला असेल, याचा विचार वाचकांनी करावा. बँक्सने याविषयी तक्रार केल्याचे कोठे आढळत नाही. त्याने तक्रार केल्याचे मुळी कोठेच फारसे आढळत नाही, आणि तेच त्याचे कोडे आहे.

दुसऱ्याच वर्षी त्याला आपल्या मनगटाचा शोध लागला. देह सडपातळ, पण मनगटांत विलक्षण झटका. त्याने वजनदार दांडा टाकून हलका दांडा हाती घेतला आणि १९५५ मध्ये ४४ होम रन काढले. त्यांपैकी पाच, तिन्ही बेसवर आपली माणसे उभी असताना. म्हणजे एका टोल्यात चार धावा. एका हंगामात पाच वेळा असे करणारा तोवर कोणी झाला नव्हता. १९५७ मध्ये ४३, १९५८ मध्ये ४७, १९५९ मध्ये ४५, १९६० मध्ये ४१. १९५५ ते १९६० या सहा वर्षांत त्याने २४८ होम रन मारले. हँक आरन, विली मेज, मिकी मँटल या तिघांपैकी प्रत्येकाहून अधिक. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे तो नॅशनल लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. त्या लीगमध्ये ओळीने दोनदा हा मान मिळवणारा तो पहिला. यांपैकी दुसऱ्या वर्षी त्याच्या टोल्यांवर १४३ धावा झाल्या, आणि शॉर्टस्टॉपच्या त्या बिकट जागेवर सबंध हंगामात त्याच्या हातून चुका झाल्या अवघ्या १२.

आता संघाचे पाहा. दोन्ही वर्षी आठ संघांत कब्सचा क्रमांक पाचवा, आणि तोही दुसऱ्या एका संघाबरोबर वाटून घेतलेला. बँक्सच्या पहिल्या दहा हंगामांत एकदाही या संघाने हरलेल्या सामन्यांहून अधिक सामने जिंकले नाहीत. सबंध पंगतीला एकट्याने वाढावे आणि तरी पंगत उपाशी उठावी, तशातली गत.

मग हा गुणी माणूस दुसऱ्या संघाकडे का गेला नाही? आजच्या वाचकाच्या मनात हा प्रश्न पहिला येईल. उत्तर असे की त्याला जाताच येत नव्हते. १८७९ साली संघांच्या मालकांनी आपसांत एक ठराव केला. प्रत्येकाने आपले काही खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना दुसऱ्याने हात लावू नये. पुढे हे राखीव कलम प्रत्येक खेळाडूच्या करारात आले. करार वर्षाचा, पण वर्ष संपताच तो पुढे चालू ठेवण्याचा अधिकार मालकाचा. पुढच्या करारातही तेच कलम. म्हणजे कराराच्या पोटात करार आणि त्याच्याही पोटात करार. खेळाडूला सुटकेचा मार्ग एकच, खेळणे सोडून देणे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, मक्तेदारीला आळा घालणारे कायदे बेसबॉलला लागू नाहीत असा निवाडा दिला, आणि १९५३ च्या नोव्हेंबरात तोच कायम केला. बँक्स शिकागोत येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

आपल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. उपरी कराराने जमीन कसायचा आणि पटले नाही की उठून जायचा. मिरासदाराला जमिनीची पिढीजात शाश्वती. सारा भरला की त्याला कोणी उठवीत नसे. बेसबॉलपटूला यांपैकी एकही सुख नव्हते. उपऱ्यासारखे त्याला उठून जाता येत नव्हते आणि मिरासदारासारखे पाय रोवून राहताही येत नव्हते. कारण मालकाच्या मनात आले की तो त्याला रातोरात दुसऱ्या गावी धाडू शकत असे. बँक्सच्या शेजारी उभा राहणारा, त्याच्या खोलीचा जोडीदार जीन बेकर १९५७ च्या मे महिन्यात पिट्सबर्गला पाठवला गेला. बेकरला शिकागोशी एकनिष्ठ राहायचे होते की नाही, हे कोणी विचारले नाही. खुद्द जॅकी रॉबिन्सनला १९५६ च्या डिसेंबरात ब्रुकलिनने आपल्या हाडवैरी न्यूयॉर्क जायंट्सना देऊ केले. रॉबिन्सन निवृत्तीच्या विचारात होताच. त्याने खेळ सोडला, जायंट्सचा वेष अंगावर चढवला नाही.

तेव्हा हिशेब सरळ मांडायचा तर, बँक्स एका संघात राहिला याचे निम्मे श्रेय कलमाचे आणि निम्मे मालकाच्या मर्जीचे. मालक होता च्युइंग गमच्या धंद्यातला फिलिप रिग्ली. त्याचा बँक्सवर लोभ होता आणि त्याने त्याला विकले नाही. येथपर्यंतच्या गोष्टीत बँक्सच्या निष्ठेचा काही संबंध येत नाही. तो येतो यापुढे.

१९६१ मध्ये रिग्लीने एक अजब प्रयोग केला. संघाला एक व्यवस्थापक असतो. ही प्रथा त्याने मोडली आणि अनेक प्रशिक्षकांचे मंडळ नेमले. त्यांनी पाळीपाळीने संघ चालवावा. दर काही आठवड्यांनी मुख्याध्यापक बदलणारी शाळा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या संघाची दशा ध्यानात येईल. एकाने सांगितलेले दुसऱ्याने पुसावे. १९६२ मध्ये कब्स ५९ सामने जिंकले आणि १०३ हरले. त्याच सुमारास बँक्सचा गुडघा कुरकुरू लागला होता. १९६१ च्या जूनमध्ये, सलग ७१७ सामन्यांनंतर, तो प्रथमच बाहेर बसला. ज्या जागेवर त्याने नाव कमावले ती जागा सोडावी लागली. आधी त्याला काही सामने दूर बाहेरच्या फळीत धाडले. तेथून पहिल्या बेसवर. शॉर्टस्टॉप चेंडू शोधत धावतो. पहिल्या बेसवाल्याने एका जागी उभे राहून इतरांनी फेकलेले चेंडू झेलायचे. तिसाव्या वर्षी नवी अक्षरे गिरवायला बसण्यासारखेच हे. बँक्सने ती गिरवली आणि पुढची दहा वर्षे ती जागा चालवली. अखेरच्या हिशेबात शॉर्टस्टॉपवरचे त्याचे सामने १,१२५ आणि पहिल्या बेसवरचे १,२५९. १९६२ च्या मे महिन्यात डोक्याला चेंडू लागून तो बेशुद्ध पडला, त्याला उचलून न्यावे लागले. आणि चार दिवसांनी परतला तो एका सामन्यात तीन होम रन मारूनच थांबला.

याच काळात त्याचे एक बोलणे लोकांच्या तोंडी बसले. बेसबॉलमध्ये एखाद्या दिवशी पाठोपाठ दोन सामने खेळण्याची चाल होती. खेळाडूंना हा दिवस नकोसा. उन्हात अंगाचा घामटा निघे. कब्सच्या रिग्ली फील्डवर दिवे नव्हते, ते १९८८ मध्ये आले; तोवर सगळे सामने भर दुपारी. बँक्स मैदानावर येई आणि म्हणे, ‘आज काय सुंदर दिवस आहे! चला, दोन खेळूया.’ गुणतक्त्याच्या तळाशी रुतलेल्या संघात, एका सामन्याचाही उत्साह कोणाला उरलेला नसताना, हा गृहस्थ दोन मागे.

हे सर्वांना रुचे असे नाही. १९६६ मध्ये लिओ ड्युरोशर हा जहाल व्यवस्थापक कब्सवर आला. हा काही आठव्या क्रमांकाचा संघ नव्हे, असे त्याने येताच ठणकावले. आणि त्याचे भाकीत खरे ठरले, कारण त्या वर्षी संघ दहावा आला. ड्युरोशरला बँक्सचे ते सदासुखी बोलणे खपत नसे. म्हातारा झालेला हा पहिला बेसवाला बाजूला सारावा म्हणून त्याने नवे नवे गडी त्या जागेवर आणून पाहिले. प्रत्येक वेळी हंगाम मध्यावर येईतो बँक्स पुन्हा आपल्या जागी उभा दिसे. या खटक्याविषयी त्याने जाहीरपणे कडवा शब्द काढला नाही.

माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला असे पात्र मोठे अडचणीचे. जो चिडत नाही, ज्याच्या पोटातले ओठांवर येत नाही, त्याच्या आत शिरायचे कोठून? हे हास्य म्हणजे काळ्या माणसाने गोऱ्यांच्या जगात अंगावर घेतलेले चिलखत होते, असे काहींचे मत. वर्णभेदाविरुद्धची चळवळ ऐन भरात असताना बँक्सने त्या प्रश्नावर जाहीर बोलणे टाळले, याबद्दल त्याला दोष देणारेही होते. मला वाटते चिलखत आणि स्वभाव या दोन गोष्टी रोज वापरता वापरता एक होऊन जातात. मग कोठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, हे अंगात घालणाऱ्यालाही सांगता येत नसेल.

१९६९ साल उजाडले आणि नशीब फिरल्यासारखे दिसले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी बँक्सने दोन होम रन मारले. तिसऱ्या बेसवर रॉन सँटो, शॉर्टस्टॉप डॉन केसिंजर, दुसऱ्या बेसवर ग्लेन बेकर्ट, पहिल्यावर बँक्स: आतल्या फळीचे हे चौघेही त्या वर्षी निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी घेतले गेले. एप्रिलपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कब्स आपल्या गटात सतत अग्रभागी होते. मग पाय घसरला. सामन्यामागून सामने गेले. मागून न्यूयॉर्क मेट्स आले आणि पुढे निघून गेले. हंगाम संपला तेव्हा कब्स आठ सामन्यांनी मागे. अडतीस वर्षांच्या बँक्सने २३ होम रन मारले होते, त्याच्या टोल्यांवर १०६ धावा झाल्या होत्या. हाता-तोंडाशी आलेला घास गेला, आणि पुन्हा तेवढा जवळ तो कधीच आला नाही.

त्याच शरद ऋतूत दुसरी एक घटना घडली. सेंट लुईसच्या संघात बारा हंगाम खेळलेला कर्ट फ्लड नावाचा खेळाडू होता. काळा, अव्वल क्षेत्ररक्षक. १९६९ च्या ऑक्टोबरात त्याला फिलाडेल्फियाला दिल्याचे कळवण्यात आले. फ्लडने नकार दिला. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलच्या आयुक्ताला पत्र लिहिले. त्यात त्याने सांगितले की माझ्या मनाविरुद्ध घेण्या-विकण्याची मालमत्ता मी नाही. वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणाऱ्याने हे म्हणावे, याची पुष्कळांनी टर उडवली. दाव्याला सोन्याचे गोंडे लावले म्हणून ते दावे राहत नाही काय, इतकाच त्याचा प्रश्न होता. तो न्यायालयात गेला.

१९७० च्या मे महिन्यातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १२ मे रोजी रिग्ली फील्डवर, अवघ्या ५,२६४ प्रेक्षकांपुढे, बँक्सने आपला पाचशेवा होम रन मारला. हा पल्ला गाठणारा तो नववा. त्यानंतर आठवड्याभरात न्यूयॉर्कमध्ये फ्लडचा खटला उभा राहिला. जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. थकलेला, केस पांढरे झालेले. त्या वेळी खेळत असलेल्यांपैकी मात्र एकही खेळाडू आला नाही. बँक्सही नाही. सर्वांचीच मान त्या कलमात होती. येणाऱ्याची नोकरी पणाला लागली असती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली ती संपलीच. पण दावे सैल व्हायला लागले होते. १९७३ मध्ये नियम झाला की दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून हलवता येणार नाही. या नियमाचा पहिला फायदा घेतला तो बँक्सच्याच सोबत्याने, रॉन सँटोने. आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने राखीव कलमाचा एका वर्षापुरताच अर्थ लावला. जवळजवळ शंभर वर्षांची गाठ सुटली.

बँक्स तोवर थांबला होता. २६ सप्टेंबर १९७१ हा त्याचा शेवटचा सामना. होम रन ५१२, यशस्वी टोले २,५८३. जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्याला जायला जागाच उरली नव्हती.

म्हणून मला असे वाटते की बँक्सच्या निष्ठेचे गोडवे गाताना जरा जपून असावे. त्याचा हसरा चेहरा फ्लडच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे करणारे तेव्हाही होते, आजही सापडतील: ‘पाहा, हा कसा गप राहिला, आनंदाने राबला!’ धन्यांना असा नोकर नेहमीच आवडतो. परंतु निष्ठेचे ऋण दोन्ही बाजूंनी फेडायचे असते, हे धन्यांच्या सोयीने विसरले जाते. रिग्ली घराण्याने १९८१ मध्ये संघ एका वृत्तपत्र-कंपनीला विकला आणि दोनच वर्षांनी नव्या धन्यांचे व बँक्सचे संबंध काही काळ तुटलेदेखील. ज्याचा चौदा हा अंक त्या संघाने १९८२ मध्ये कायमचा राखून ठेवला, आणि असा मान त्या संघात प्रथम ज्याला मिळाला, त्याची ही कथा.

तरी एवढ्यावर थांबलो तर बँक्सवर अन्याय होईल. करार काय सांगू शकत होता? कोठे खेळायचे ते सांगू शकत होता. कोणासाठी, किती पैशांत, हेही सांगू शकत होता. पण १०३ सामने हरणाऱ्या संघात सरपटत्या चेंडूवर झेप घे, हे कोणत्याही कलमात लिहिता येत नाही. हातची जागा गेल्यावर दुसरी मुकाट्याने शीक, तुझ्या जागेवर आणलेल्या पोराशी गोड बोल, हे मालकाला विकत घेता येत नाही. तेवढा भाग माणसाचा स्वतःचा असतो. दावे खुंटापासून गळ्यापर्यंतच पोचते. त्याच्यापलीकडे जे बँक्सने दिले ते कोणी मागितले नव्हते, आणि म्हणूनच ते त्याचे होते. ‘दोन खेळूया’ या शब्दांचा अर्थ मी असा लावतो की पहिला सामना कराराचा, दुसरा बँक्सचा.

आणि फ्लड? तोही आपल्या परीने इमानीच. त्याला सेंट लुईस सोडायचे नव्हते. राहणे हे राहणाऱ्याच्या मर्जीचे असावे, एवढ्यासाठी तो भांडला. एकाने दाव्यात राहून माणूसपण राखले, दुसऱ्याने दावे तोडायला जाऊन. आज एखादा खेळाडू सबंध आयुष्य एका संघात काढतो तेव्हा त्या राहण्याला जी किंमत येते, ती फ्लडने मोजलेली आहे.

बँक्सला पुढे मान पुष्कळ मिळाले. १९७७ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात तो पहिल्याच खेपेस निवडला गेला. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळाले. २००८ मध्ये रिग्ली फील्डबाहेर त्याचा पुतळा बसवला. चौथऱ्यावर त्याचे ते प्रसिद्ध वाक्य इंग्रजीत कोरले, पण कोरणाराकडून पहिल्या शब्दातले लोपचिन्ह राहून गेले. गावभर बोभाटा झाला आणि मागाहून ते दगडात बसवावे लागले. मास्तर या नात्याने मला त्या शिकागोकरांचे कौतुक वाटते. आपल्या माणसाच्या वाक्यातला एवढासा टिंबही त्यांना चुकलेला चालला नाही.

२३ जानेवारी २०१५ रोजी बँक्स वारला. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या नोव्हेंबरात, कब्सनी जागतिक अजिंक्यपद जिंकले. १९०८ नंतर प्रथमच. त्या दिवसांत लोक रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावे लिहू लागले, हा दिवस पाहायला जे उरले नाहीत त्या आपल्या आई-बापांची, आज्या-आजोबांची. पाहता पाहता भिंती भरल्या. हात पोचेना तेव्हा माणसे एकमेकांच्या खांद्यांवर चढली. त्या माणसांना कोणत्याही कराराने त्या संघाशी बांधलेले नव्हते.